भिशी, चंदा आणि विमा : आजारपणाच्या तयारीचा आपला इतिहास

मोरा बंदराच्या जेट्टीवर उभं राहिलं की समोर मुंबई दिसते. लाँचनं भाऊच्या धक्क्याला जायला साधारण तासभर लागतो. ओहोटी असली की गाळामुळे लाँच धक्क्याला नीट लागत नाही आणि वेळ वाढतो. आम्ही लहान असताना उरणहून एखाद्या पेशंटला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं तर घरातली वडीलधारी माणसं आधी भरतीची वेळ विचारायची. एके काळी उरण हा पनवेल तालुक्यातला महाल होता. रस्त्यानं जायचं तर पनवेलवरून मोठा वळसा पडायचा, म्हणून मोऱ्याची लाँच हाच जवळचा रस्ता. आता अटल सेतू झाला. १२ जानेवारी २०२४ ला, त्याच दिवशी, उरणपर्यंत लोकलही आली. पेशंट आता वेळेवर पोचतो. पैसे मात्र अजूनही वेळेवर पोचत नाहीत.

हे लिहायला कारण झालं ते २०२२ मधल्या एका घटनेचं. माझ्या शाळेतली सातवीची एक मुलगी आठ दिवस गैरहजर होती. चौकशी केली तेव्हा कळलं, तिचे अब्बा बंदरात ट्रेलर चालवतात, त्यांना हृदयाचा झटका आला आहे आणि बायपास करावी लागणार आहे. मुलीची अम्मी आमच्या भिशीत होती. आम्ही बारा जणी, महिन्याला प्रत्येकी दोन हजार. तिसराच महिना चालू होता आणि तिचा नंबर लागला होता नवव्या महिन्याचा. ज्या बाईचा त्या महिन्याचा नंबर होता तिनं एका शब्दात सांगितलं, "माझा नंबर तिला द्या." चोवीस हजार त्याच दुपारी तिच्या हातात गेले. जुम्याच्या नमाजनंतर जमातीनं झोळी फिरवली. कुणी शंभर टाकले, कुणी पाच हजार. सगळे मिळून एक लाखाच्या थोडे वर जमले. बाकीच्या रकमेसाठी तिच्या बांगड्या आणि गळ्यातलं गेलं, भावानं कर्ज काढलं.

माणूस वाचला, अल्लाहचे शुक्र. पण महिन्याभरानं मी तिची कागदपत्रं लावून देत होते, तेव्हा लक्षात आलं की ते इस्पितळ राज्य सरकारच्या आरोग्य योजनेच्या यादीत होतं. घरात केशरी रेशनकार्ड होतं. बायपास योजनेत बसत होती. पण योजनेची मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते आणि आमच्यापैकी कुणीही, मीसुद्धा, ती चौकशी केली नव्हती. बी.एड. झालेली बाई मी, मुलांना अर्ज कसा लिहावा ते शिकवते. आणि त्या दिवशी मी फक्त भिशीची वही घेऊन धावले होते.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. आपल्या लोकांमध्ये वाटून घेण्याची वृत्ती कमी नाही. त्या आठवड्यात मी ती डोळ्यांनी पाहिली. मग आजारपणाची तयारी आपल्याकडे का नाही? याचं उत्तर शोधताना मी थोडी मागे गेले, तर हे सगळं बंदराशी, जहाजांशी आणि आपल्याच पूर्वजांशी जोडलेलं निघालं.

सुरुवात शब्दापासून करते. 'विमा' हा आपल्या मराठीत आलेला शब्द म्हणजे उर्दूतला 'बीमा', आणि त्याच्या मुळाशी आहे फारसी 'बीम', म्हणजे भीती. उर्दूत आपण 'उम्मीद-ओ-बीम' म्हणतो, आशा आणि भय. तर विमा म्हणजे भीतीची केलेली व्यवस्था. ही भीती आधी आजाराची नव्हती, समुद्राची होती. माल भरलेलं गलबत पोचेल की बुडेल, याची.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजी विमा कंपन्या रुळण्याआधीपासून व्यापाऱ्यांकडे 'जोखमी हुंडी' होती. साधी हुंडी ठरल्या मुदतीला भरावीच लागते. जोखमी हुंडीचं तसं नाही. माल पाठवणारा व्यापारी मालाच्या किमतीइतकी हुंडी काढून पैसे आधीच घेई. ती हुंडी विकत घेणाऱ्याला पैसे कधी मिळणार? माल सुखरूप बंदराला लागला तर. गलबत बुडालं तर हुंडीवाल्याचे पैसे बुडाले आणि माल पाठवणारा वाचला. ही जोखीम घ्यायची म्हणून हुंडीचा भाव त्या हिशेबानं ठरे. म्हणजे उधारी आणि विमा एकाच कागदावर. हे कागद वापरणाऱ्या बंदरांत हिंदू, मुसलमान, पारशी सगळेच व्यापार करत होते. सांगायचा मुद्दा एवढाच की संकट येण्याआधी त्याची किंमत ठरवून ती वाटून घेणं ही आपल्या किनाऱ्याला परकी गोष्ट नव्हती. फक्त ती मालाला लागू होती. माल वाहून नेणाऱ्या माणसाला नव्हती.

आता त्या माणसाकडे येऊ. माझे नाना, म्हणजे आईचे वडील, रत्नागिरीकडचे. तरुणपणी आगबोटीवर खलाशी होते. कोकणातल्या मुसलमान घरांमध्ये असा एक तरी नाना किंवा आजोबा निघतोच. पी अँड ओ सारख्या कंपन्यांच्या जहाजांवर डेकवरची कामं करणाऱ्यांत कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता. सारंग, तांडेल, खलाशी अशी त्यांची उतरंड. इंग्रज त्यांना 'लास्कर' म्हणत. तोही आपलाच शब्द, 'लष्कर' वरून गेलेला. त्यांचा पगार त्याच जहाजावरच्या गोऱ्या खलाशापेक्षा पुष्कळ कमी असे.

१९११ साली ब्रिटनच्या पार्लमेंटनं नॅशनल इन्शुरन्स कायदा केला. कामगार, मालक आणि सरकार तिघांनी हप्ता भरायचा आणि आजारपणात कामगाराला औषधपाणी व भत्ता मिळायचा, अशी ही व्यवस्था. आजच्या सामाजिक विम्याच्या इतिहासात या कायद्याला मोठं स्थान आहे. जहाजांवरचे गोरे खलाशी त्यात आले. आता अडचण अशी होती की लास्करांसाठी मालकानं काहीच भरायचं नसेल तर लास्कर आणखी स्वस्त पडेल आणि गोऱ्यांच्या नोकऱ्या जातील. म्हणून मालकांना लास्करांच्या नावेही हप्ता भरायला लावला. पण त्याचा लाभ लास्करांना नव्हता. तो पैसा 'लास्कर फंड' या नावानं वेगळा ठेवला जाई आणि त्यातून ब्रिटिश नाविकांच्या पेन्शनसारख्या सोयी होत. माझ्या नानांच्या आधीच्या पिढ्यांच्या डोक्यामागे भरलेला पैसा, ज्यांच्या डोक्यामागे भरला त्यांच्या घरी कधी आलाच नाही.

हे वाचलं तेव्हा मला राग आला. मग नानांनी सांगितलेली एक गोष्ट आठवली. मुंबईत डोंगरीला त्यांच्या गावच्या जमातीची एक खोली होती. जहाज मिळेपर्यंत गावची मुलं तिथं राहत. प्रत्येकानं दरमहा थोडे पैसे भरायचे. कुणी आजारी पडला तर त्याचं जेवण आणि औषध त्यातून व्हायचं, कुणी गेला तर मय्यतीचा खर्च निघायचा आणि गावाला त्याच्या घरी काही रक्कम पाठवली जायची. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचेही मुंबईत असेच 'कूड' होते, गावागावांचे, तिथंही अशीच सोय. सरकारनं ज्यांना मोजलं नाही त्यांनी आपला विमा आपण केला होता. हप्ता होता, नियम होते, वही होती, आणि पैसे आजारपणाआधी भरले जात होते. नाना त्याला विमा म्हणत नसत. ते म्हणत, "खोलीचे पैसे."

त्याच मुंबईत कंपन्यांचा विमाही वाढत होता. भारतात आयुर्विमा आला १८१८ साली, कलकत्त्यात, ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनीबरोबर. तो मुख्यतः युरोपियनांसाठी होता. हिंदी माणसाचा विमा घेतलाच तर जादा हप्ता लावून, कारण कंपन्यांच्या मते आपली आयुष्यं कमी दर्जाची. १८७० साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल लाइफ अ‍ॅश्युरन्स सोसायटी निघाली आणि तिनं हिंदी माणसांना साध्या दरानं विमा द्यायला सुरुवात केली. पण हा विमा माणूस गेल्यावर मिळणारा. आजारी माणसाला जगवण्यासाठी पैसे देणारा विमा यायला अजून खूप वर्षं होती.

तो विचार सरकारी पातळीवर आला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विमा कसा असावा याचा अहवाल प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये सादर केला. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. या अहवालाच्या पायावर पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, ज्याला आपण ई.एस.आय. म्हणतो. १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ स्थापन झालं. १९७३ च्या सुरुवातीला इतर विमा कंपन्यांचंही राष्ट्रीयीकरण झालं आणि १९८६ मध्ये सरकारी कंपन्यांनी 'मेडिक्लेम' बाजारात आणली. इस्पितळाच्या खर्चाचा विमा सामान्य माणसानं स्वतः विकत घ्यायचा, ही गोष्ट आपल्याकडे जेमतेम चाळीस वर्षांची आहे.

या यादीत कोण बसलं ते पाहा. ई.एस.आय. कारखान्यातल्या कामगाराला. मेडिक्लेम पगारदाराला आणि व्यापाऱ्याला. मिठागरावरचा मजूर, मोऱ्याच्या कोळीवाड्यातला मच्छीमार, ट्रेलरवरचा ड्रायव्हर, घरी शिवणकाम करणारी खाला, हे सगळे बाहेर. त्यात हिंदू-मुसलमान असा भेद नव्हता. मुसलमानांच्या बाबतीत मात्र आणखी एक दार होतं आणि ते आतून बंद होतं. विमा जायज की नाजायज, हा प्रश्न.

मी आलिमा नाही, फतवा देण्याचा मला अधिकार नाही. पण या प्रश्नाचा इतिहास मुलांना सांगावा तसा सांगू शकते. विम्यावर पहिलं सविस्तर मत देणाऱ्या फकीहांमध्ये दमास्कसचे इब्न आबिदीन यांचं नाव घेतलं जातं. त्यांचं निधन १८३६ मध्ये झालं. त्यांच्यासमोरचा प्रश्न जहाजाचाच होता. मुसलमान व्यापारी परदेशी जहाज भाड्यानं घेताना वेगळी रक्कम भरतात, माल बुडाला तर भरपाई मिळते. याला ते 'सौकरा' म्हणतात. ही भरपाई घेणं बरोबर का? त्यांनी नाही म्हटलं. पुढे आक्षेप तीन शब्दांत मांडले गेले. रिबा, म्हणजे व्याज, कारण कंपनी पैसा व्याजावर लावते. गरर, म्हणजे सौद्यातली अनिश्चितता, कारण किती भरणार आणि किती मिळणार हे माहीत नसतं. आणि किमार, म्हणजे जुगार, कारण एकाचा तोटा दुसऱ्याचा फायदा.

दुसरी बाजूही आलिमांमधूनच आली. सीरियाचे मुस्तफा अल-झरका यांनी १९६१ मध्ये दमास्कसच्या परिषदेत विम्याच्या बाजूनं मांडणी केली. त्यांनी आधार घेतला 'आकिला' या जुन्या व्यवस्थेचा. चुकून कुणाच्या हातून हत्या झाली तर भरपाईचा बोजा एकट्यावर न टाकता सगळ्या कबिल्यानं उचलायचा, ही ती व्यवस्था. मदिनेच्या करारात गटागटांनी ही जबाबदारी एकत्र उचलण्याची कलमं आहेत. १९८५ मध्ये जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीनं व्यापारी विमा नाकारला आणि परस्पर सहकार्याचा विमा मान्य केला. तकाफुल म्हणतात तो हाच. सुदानमध्ये १९७९ पासून आणि मलेशियात १९८४ च्या कायद्यानं तो चालू झाला. भारतात त्यासाठी वेगळा कायदा नाही.

भारतातल्या आलिमांनी इथल्या परिस्थितीचा विचार केला नाही असं मुळीच नाही. लखनौच्या नदवतुल उलेमातल्या मजलिस-ए-तहकीकात-ए-शरीयानं १९६५ मध्येच गरजेच्या परिस्थितीत विम्याला वाट दिली. इस्लामिक फिकह अकादमीनं १९९२ मध्ये दंगलींमुळे असुरक्षित झालेल्या जीवाच्या आणि मालमत्तेच्या विम्याला परवानगी दिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबई पेटली. २००६ मध्ये मात्र याच अकादमीनं आरोग्य विम्यावर चर्चा केली तेव्हा भूमिका सावध राहिली. सर्वसाधारण स्थितीत जायज नाही, कायद्यानं सक्ती असेल तर घेता येईल. तेव्हा विरोध करणाऱ्या आलिमांना कमी लेखू नये आणि परवानगी देणाऱ्यांना सैल समजू नये. दोघांच्याही मनात दीन आणि माणूस आहे.

माझी तक्रार आलिमांविषयी नाहीच. ती आपल्याविषयी आहे. आपण अर्धा फतवा ऐकला. 'विमा नको' हे ऐकलं आणि तिथंच थांबलो. त्याच आलिमांनी एकमेकांच्या सहकार्यानं संकट वाटून घेण्याला मान्यता दिली, किंबहुना त्यावर भर दिला, ते अर्धं कानाआड केलं. विमा नको तर नको, पण मग 'खोलीचे पैसे' कुठे गेले? उंट बांधल्याशिवाय तवक्कुल पुरा होत नाही, ही शिकवण आपण मुलांना पाठ करून घेतो. आजारपणाच्या बाबतीत आपला उंट मोकळाच फिरतो.

आता भिशी, चंदा आणि विमा तिन्ही शेजारी ठेवून पाहू. भिशीत जी बाई जेवढं भरते तेवढंच तिला मिळतं. फक्त तारीख मागेपुढे होते. आम्ही त्या अम्मीला नंबर आधी दिला, पण पुढचे नऊ महिने, नवरा घरी बसलेला असताना, ती दोन हजार भरतच होती. म्हणजे आम्ही तिची जोखीम वाटून घेतली नव्हती, तिला उधार दिलं होतं. चंद्यात जोखीम खरोखर वाटली जाते, घेणाऱ्याला परत करायचं नसतं. पण चंदा आजार झाल्यावर सुरू होतो. किती जमेल ते सांगता येत नाही. ज्याचं नाव मोठं त्याला जास्त जमतं, विधवेला कमी. एका महिन्यात दोन आजार निघाले तर दुसऱ्याची झोळी हलकी. आणि मागणाऱ्याची मान खाली जाते ती वेगळीच. विमा जोखीमही वाटतो आणि पैसेही आधी गोळा करतो, म्हणून उपचाराच्या दिवशी रक्कम तयार असते.

मग जमातीनं आपलाच फंड काढला तर? काढावा. तीनशे घरांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर वर्षाला तीन लाख साठ हजार होतात. पण एका बायपासमध्ये तेवढे जातात. वर्षात कॅन्सरचे दोन पेशंट निघाले तर फंड कोरडा. मोठ्या आजाराची जोखीम एका मोहल्ल्याला पेलत नाही, ती लाखो माणसांत वाटावी लागते. मोहल्ल्याच्या फंडाचं काम वेगळं. पेशंटबरोबर राहणाऱ्याचं जेवण, गाडीभाडं, योजनेत न बसणारी औषधं, कमावता माणूस घरी असताना दोन महिन्यांचा किराणा. मोठ्या बिलासाठी मोठी व्यवस्था हवी.

आणि मोठ्या व्यवस्थेपैकी एक आपल्या दारात आहे. राज्य सरकारनं २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या टप्प्यात आठच जिल्हे होते आणि त्यांत आपला रायगड होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. आता ते पाच लाख आहे आणि रेशनकार्डाच्या रंगाची अटही उरलेली नाही. २०१८ मध्ये आलेल्या केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडलेली आहे. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांचं संरक्षण मिळतं. या योजनांचा हप्ता आपल्याला भरायचा नसतो. माझ्या समजुतीप्रमाणे त्यामुळे सौद्याचा प्रश्नही इथं तसा उभा राहत नाही. शंका असेल तर आपल्या मस्जिदीच्या इमामसाहेबांना जरूर विचारा. पण विचारा आज, इस्पितळाच्या दारात नको.

योजनेला मर्यादा आहेत. सगळी इस्पितळं यादीत नाहीत, सगळे आजार नाहीत, आणि भरती होतानाच इस्पितळातल्या 'आरोग्यमित्रा'कडे जाऊन कागद द्यावे लागतात. म्हणून आधीच चार गोष्टी करून ठेवाव्यात. रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का आणि ती आधारशी जुळतात का ते पाहावं. आपल्याकडे 'शेख'चं कुठे 'शैख', कुठे 'मोहम्मद'चं 'मोहंमद' होतं आणि ऐन वेळी तेवढ्यावरून अडतं. आयुष्मान कार्ड काढून ठेवावं. पनवेल, नवी मुंबई आणि मुंबईतली यादीत असलेली दोन-तीन इस्पितळं माहीत असावीत. पगार महिन्याला एकवीस हजारांच्या आत असेल आणि आस्थापना त्या कायद्याखाली येत असेल, तर ई.एस.आय. कापला जातो का हे विचारावं. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी हे विचारायलाच हवं, कारण तो आपला हक्क आहे.

ज्यांना पटतं आणि परवडतं त्यांनी आरोग्य विमा घ्यावा, आणि तरुणपणी घ्यावा. आजार लपवून घेऊ नये. साखर, रक्तदाब जे असेल ते अर्जात लिहावं. आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकते, त्याहून जास्त नाही. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'तुम्ही माहिती दिली नव्हती' या कारणावरून दावा नाकारता येत नाही. म्हणून हप्ता चुकवू नये. पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवसांत नापसंत करून परत करता येते, त्या तीस दिवसांत ती वाचावी. खोलीच्या भाड्यावर मर्यादा आहे का ते आधी पाहावं, कारण तिथंच बिल कापलं जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी उठला आहे. गंभीर आजाराची वेगळी पॉलिसी असते. तिच्यात ठरलेल्या आजाराचं निदान झाल्यावर अटींप्रमाणे एकरकमी पैसे मिळतात. घरात कमावणारा एकच असेल तर तिचा विचार करावा. बिल भागलं तरी सहा महिन्यांचा पगार बुडतो, तो ट्रेलरवाल्याच्या घरानं पाहिला आहे.

ज्यांना विमा पटत नाही त्यांच्या मताचा मला आदर आहे. त्यांनी एवढंच करावं की तेवढा हप्ता दरमहा आजारपणाच्या नावानं बाजूला काढावा, आणि त्या पैशाला लग्नासाठी हात लावू नये.

आमच्या भिशीनं आता दोन नियम केले आहेत. पहिला, दर महिन्याला दोन हजारांवर पन्नास रुपये जास्त भरायचे. ते कुणाच्याच नंबरचे नाहीत. जिच्या घरी कुणी भरती होईल तिला ते परत न करण्याच्या बोलीवर मिळतात. दुसरा, भिशीच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे एक रकाना वाढवला आहे. त्यात रेशनकार्डाचा, आयुष्मान कार्डाचा आणि पॉलिसी असेल तर तिचा नंबर लिहितो. बारापैकी पाच जणींचा रकाना अजून रिकामा आहे. दर महिन्याला चिठ्ठी उचलण्याआधी त्या पाच नावांचं वाचन होतं. त्यातल्या दोघींना मी पुढच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर सेवा केंद्रात घेऊन जाणार आहे.

नानांच्या खोलीच्या वहीलाही असाच एक रकाना असणार. ती वही आता कुठे आहे कुणास ठाऊक. आमची वही ट्रेलरवाल्याच्या घरी असते. त्या मुलीच्या अम्मीनंच ती मागून घेतली आहे.